चार चॅनलचा ऑप्टोवाला रिले बोर्ड: घ्या, पण जम्पर काढूनच लावा

हा बोर्ड तुम्ही बघितलेला असणारच. निळे चार रिले (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) एका ओळीत, त्यांच्यापुढे स्क्रूचे टर्मिनल, मागे चार पायांचे चार छोटे ऑप्टोकपलर, एका कडेला सहा पिना आणि कोपऱ्यात तीन पिनांपैकी दोन पिनांवर बसवलेला एक जम्पर, म्हणजे त्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी. डिप्लोमाच्या पोरांच्या प्रोजेक्टपासून द्राक्षबागेतल्या ठिबकपर्यंत सगळीकडे हाच दिसतो. एकाच कंपनीचा असा तो नाहीच. एकच सर्किट पुष्कळ कारखाने बनवतात, म्हणून इथे मी कुठल्या कंपनीबद्दल बोलत नाही, या सर्किटबद्दल बोलते आहे. कुपवाड एमआयडीसीत आमचं पॅनलचं लहान वर्कशॉप आहे. मोटरचे स्टार्टर, शेततळ्याची लेव्हल, ठिबकचे व्हॉल्व्ह, खताचा डोसिंग पंप, बेदाण्याच्या शेडमधले पंखे अशी कामं असतात. त्यांतल्या बहुतेक पॅनलमध्ये मी हा बोर्ड लावते आणि पुढेही लावणार आहे.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो बोर्डावर जे छापलंय त्याबद्दल आणि जे छापायला हवं होतं पण छापलेलं नाही त्याबद्दल. तेच आधी सांगते, कारण हा बोर्ड वापरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना पैसे मोजलेल्या आयसोलेशनचा, म्हणजे दोन सर्किट विजेने एकमेकांपासून तोडून ठेवण्याचा, काडीचाही उपयोग होत नाही.

सांगलीत दुकानात मागायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ताई, ऑप्टोवाला देऊ का साधा?" ऑप्टोवाल्याला थोडे पैसे जास्त पडतात. गिऱ्हाईक म्हणतं ऑप्टोवालाच द्या, आणि इथे सगळ्यांची समजूत होते की आयसोलेशनचं काम झालं. बोर्ड हातात येतो तेव्हा तो जम्पर जेडी-व्हीसीसी (रिलेच्या बाजूचा सप्लाय) आणि व्हीसीसी (कंट्रोलरच्या बाजूचा सप्लाय) या दोन पिनांवर बसवलेला असतो. जम्पर तसाच ठेवून कंट्रोलरमधून (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या छोट्या बोर्डातून) पाच व्होल्ट, ग्राउंड आणि चार सिग्नल अशा सहा वायरी जोडल्या की रिले टकटक वाजायला लागतात. बोर्ड चालतो. पण त्या क्षणी चारही ऑप्टोकपलर नुसते शोभेला बसलेले असतात.

का ते बघा. ऑप्टोकपलरच्या आत एका बाजूला एलईडी असतो, समोर प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर. मध्ये तार नाही, फक्त उजेड जातो. या बोर्डांवर बहुधा पीसी८१७ असतो. त्याची आतली दोन्ही बाजूंमधली इन्सुलेशन ५००० व्होल्टची, आणि दोन्ही बाजूंमधलं कपॅसिटन्स अवघं ०.६ पिकोफॅरडच्या आसपास. इतकी चांगली भिंत काही रुपयांत मिळते. पण जम्पर बसवला की एलईडीचे पाच व्होल्ट आणि रिलेच्या कॉइलचे (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे) पाच व्होल्ट एकच झाले, आणि ग्राउंडची वायर जोडली की दोन्हींचं ग्राउंडही एकच झालं. बांध घालायचा आणि त्याच बांधाखालून पाईप काढून ठेवायचा, त्यातला हा प्रकार. पाणी जायचं तिथून जाणारच.

जम्पर काढायचा हे आता पुष्कळांना माहीत झालंय. रिलेला वेगळा पाच व्होल्टचा सप्लाय द्यायचा, हेही बरेच जण करतात. चुकतं ते पुढे. सहा पिनांच्या ओळीत 'जीएनडी' अशी एक पिन आहे. ती कंट्रोलरच्या सिग्नलशेजारीच असल्यामुळे कुणालाही वाटतं की ही कंट्रोलरच्या ग्राउंडची जागा. तशी ती नाही. नवीन बोर्ड हातात आला की मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि एवढं करून बघा. जम्पर काढा. एक प्रोब सहा पिनांतल्या जीएनडीवर, दुसरा तीन पिनांतल्या जीएनडीवर. बझर वाजेल. म्हणजे ते रिलेच्या बाजूचंच ग्राउंड आहे. मग सहा पिनांतल्या व्हीसीसीवर एक प्रोब आणि जेडी-व्हीसीसीवर दुसरा. बझर वाजणार नाही. कंट्रोलरच्या बाजूला खरोखर स्वतंत्र आहेत त्या फक्त व्हीसीसी आणि चार सिग्नलच्या पिना.

आणि सर्किटला तेवढंच पुरतं. करंट व्हीसीसीतून निघतो, १००० ओहमच्या रेझिस्टरमधून ऑप्टोच्या एलईडीत, तिथून बोर्डावरच्या लाल एलईडीत, आणि तिथून सिग्नलच्या पिनेतून कंट्रोलरमध्ये परत. कंट्रोलर ती पिन शून्यावर ओढतो तेव्हा रिले लागतो. ग्राउंडची वायर या वाटेत कुठेच नाही. म्हणजे कंट्रोलरकडून पाच वायरी येतात: व्हीसीसी आणि चार सिग्नल. सहावी जोडायचीच नाही. आमच्याकडे वायरिंग शिकायला येणाऱ्या पोरांना मी ती पिन वायरकटरने कापूनच टाकायला सांगते, म्हणजे पुढे कुणी पॅनल उघडलं तरी तिथे वायर लागणार नाही. बोर्डावर या पिनेशेजारी "रिले जीएनडी" एवढं छापलं असतं तरी माझा एक गुण वाचला असता.

आता हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं, तर तासगावकडचं एक पॅनल सांगते. मणेराजुरीच्या बाजूची द्राक्षबाग. विहिरीवर ५ एचपीची मोटर, थ्री फेज, दोन व्हॉल्व्ह, एक डोसिंग पंप, पाईपवर प्रेशर सेन्सर. पॅनल दुसऱ्या कुणी केलेलं, माझ्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार अशी की मोटर बंद होताना स्क्रीनवर चिनीसारखी अक्षरं येतात, कधी कंट्रोलर पहिल्यापासून सुरू होतो आणि व्हॉल्व्हचा क्रम विसरतो. बागेच्या काकांचं म्हणणं साधं होतं: "ताई, छाटणीनंतरचं पाणी आहे. एका प्लॉटला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असं चालायचं नाही." बरोबरच होतं त्यांचं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटायला लागते तेव्हा पाणी आणि खत वेळेवर हवं. लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे माणूस तिथे उभा राहील याची खात्री नसते, म्हणून तर हे ऑटोमेशन बसवलेलं.

पॅनल उघडलं तर हाच बोर्ड, जम्पर जागेवर, सहाही वायरी लावलेल्या, प्रेशर सेन्सरचं ग्राउंड त्याच बारीक जोडवायरीतून फिरवून आणलेलं. रिलेच्या कॉन्टॅक्टवर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या चुंबकी स्विचची) कॉइल. कॉइलवर स्नबर, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, नाही.

इथे दोन वेगळे त्रास एकत्र आले होते, आणि ते वेगळे करून बघणं फार गरजेचं असतं.

पहिला त्रास हळू चालणारा. या रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ७० ओहमच्या आसपास असतो, मीटर लावून बघा. पाच व्होल्टला एक रिले साधारण ७१ मिलीअँपिअर घेतो. चारही लागले की २८५. ग्राउंडची जोडवायर आणि तिच्या क्रिंपमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या जोडात) मिळून ०.१ ओहम धरा, जास्तच असतो. २८५ मिलीअँपिअर त्यातून परत जाताना २८ मिलिव्होल्ट पडतात. सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टचा, १० बारचा, म्हणजे एका बारला ०.४ व्होल्ट. २८ मिलिव्होल्ट म्हणजे ०.०७ बार. ऐकायला काहीच नाही. पण ठिबकच्या लॅटरलमध्ये प्रेशरच एक बारच्या आसपास असतं, त्यात ही ७ टक्क्यांची चूक झाली. शिवाय ती कायमची चूक असती तर कोडमध्ये वजा करता आली असती. इथे किती रिले लागलेत त्यावर ती बदलते. व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर वाढल्यासारखं दिसतं आणि डोसिंगचं गणित हलतं. हा दोष कुणाच्या लक्षात यायचाही नाही, कारण पॅनल चालू असतं.

दुसरा त्रास क्षणाचा, आणि स्क्रीनवर अक्षरं उडवणारा तो हाच. कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली पुष्कळशी तार. तिचा करंट रिलेने एकदम तोडला की ती स्वतः व्होल्टेज तयार करते, रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीतून अतिशय वेगवान झटके निघतात. रिलेच्या कॉन्टॅक्टपासून त्याच्याच कॉइलपर्यंत काही पिकोफॅरडचं कपॅसिटन्स असतंच. झटके तिथून कॉइलच्या सर्किटमध्ये उतरतात, कॉइलच्या ग्राउंडवर येतात, आणि ग्राउंड एकच असलं तर थेट कंट्रोलरच्या आणि स्क्रीनच्या ग्राउंडवर. स्क्रीनच्या एनेबल पिनेला एक खोटा झटका मिळाला की तिचा क्रम चुकतो आणि तीच ती चिनी अक्षरं.

त्या पॅनलमध्ये जम्पर काढला, रिलेला वेगळा सप्लाय दिला, ग्राउंडची वायर काढली, सेन्सरचं ग्राउंड थेट कंट्रोलरच्या पिनेवर आणलं आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर टाकला. बोर्ड मात्र तोच ठेवला. बोर्डात काहीच बिघाड नव्हता.

स्नबरचं मुद्दाम सांगितलं, कारण ऑप्टो लावला म्हणजे सगळं अडलं असं समजू नका. ५ नॅनोसेकंदांत १००० व्होल्ट चढले तर ०.६ पिकोफॅरडमधूनही १२० मिलीअँपिअरचा क्षणिक करंट जातो. हिशोब करून बघा, कपॅसिटन्स गुणिले व्होल्ट भागिले वेळ. ऑप्टोची भिंत चांगली आहे, पण झटका जिथे जन्मतो तिथेच मारणं त्याहून चांगलं. स्नबर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर टाका, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर टाकला तर रिले उघडा असतानाही २३० व्होल्टला ०.१ मायक्रोफॅरडमधून ७ मिलीअँपिअर चालू राहतात आणि एखादी छोटी कॉइल सुटतच नाही. कपॅसिटर एक्स२ वर्गाचाच (थेट लाईटवर लावण्यासाठीचा सुरक्षित प्रकार) घ्या.

आता बोर्डाच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे जिथे खरी लाईट येते. दुकानदार कौतुकाने ५००० व्होल्टचा ऑप्टो सांगतात. पण या बोर्डावर ती भिंत कंट्रोलर आणि रिलेची कॉइल यांच्यामध्ये आहे. लाईट आणि कॉइल यांच्यामध्ये काय आहे? तिथे रिले स्वतः आहे. या जातीच्या रिलेची कॉइल ते कॉन्टॅक्टची चाचणी १५०० व्होल्ट एसी, एक मिनिट अशी असते. आणि त्याहूनही कमकुवत जागा रिलेच्या खाली, पीसीबीवर. हा रिले उलटा करून पाय बघा. एका टोकाला तीन पाय आहेत: दोन कडेचे कॉइलचे आणि त्यांच्या मधोमध कॉमन. म्हणजे फेज जिथे येते तो पाय नेमका पाच व्होल्टच्या दोन पायांच्या मध्ये. २३० व्होल्टच्या लाईटपासून माणसाचा हात लागू शकेल अशा बाजूपर्यंत, साध्या स्वच्छ जागेत, पीसीबीच्या पृष्ठभागावरून ५ मिलिमीटर तरी अंतर हवं असा संकेत आहे. ४०० व्होल्टच्या हिशोबाने तेच ८ होतं. या बोर्डावर पट्ट्या आणि पॅड धरून कॉमन आणि कॉइल यांच्यातलं अंतर स्केल लावून मोजा. मला ते पाचपेक्षा कमीच दिसतं.

चांगल्या बोर्डांवर कॉमनच्या पायाभोवती पीसीबीत आरपार चीर पाडलेली असते. चीर पाडली की पृष्ठभागावरची वाट लांब होते आणि तिथे ओल, धूळ साचून पूल तयार होत नाही. काही कारखाने ही चीर पाडत नाहीत, दोन बोर्ड शेजारी ठेवले तर वरून फरक कळतही नाही. मी विकत घेताना बोर्ड उलटा करूनच बघते. चीर नसेल तर परत. दुकानदार भाऊंना आता सवय झाली आहे, ते माझ्यासाठी पिशवी उघडूनच पुढे ठेवतात.

आपल्या भागात या चिरेचं महत्त्व आणखी जास्त आहे. पंपाची खोली म्हणजे नुसती पंपाची खोली नसते. कोपऱ्यात गंधकाची पोती, मोरचूद, चुना, फवारणीची टाकी, सगळं तिथेच. द्राक्षावरच्या भुरी रोगाला गंधक, डाऊनी रोगाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. मोरचूदाची आणि चुन्याची बारीक धूळ पीसीबीवर बसली आणि पावसाळ्यात ओल धरली की तिच्यातून करंट वाहायला लागतो. गंधकाचा रिलेच्या आतल्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर परिणाम होतो, ते काळे पडतात आणि लहान करंटला दगा देतात. म्हणून पॅनलची पेटी आयपी६५ची (धूळ-पाणी आत न जाणारी), वायरी आत घेण्याचे ग्लँड घट्ट, आणि बोर्ड बसवण्यापूर्वी मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुवायची. या स्वस्त बोर्डांवर सोल्डरिंगचा फ्लक्स बऱ्याचदा तसाच राहिलेला असतो, चिकट पिवळसर. तो ओल ओढतो. वाळल्यावर मागच्या बाजूला कन्फॉर्मल कोटिंगचा (पीसीबीला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचा) हात मारते, टर्मिनल सोडून. हे काम बोर्ड बनवणाऱ्यांनी करायला हवं, पण या किमतीत ते होत नाही आणि मी त्याबद्दल गुण कापले नाहीत.

आता ४१५ व्होल्टबद्दल. शेतावर पुष्कळ ठिकाणी तीन फेज येतात आणि न्यूट्रल वापरात नसतो. त्यामुळे स्टार्टरची कॉइल दोन फेजांमधली, ४१५ची असते. रिलेवर छापलंय १० अँपिअर २५० व्होल्ट एसी. तरीही लोक ४१५ची कॉइल थेट या बोर्डावर घेतात, कारण कॉइलचा करंट कमी असतो आणि रिले चालतो. कृपा करून हे करू नका. २५० म्हणजे २५०. करंट कमी असल्याने व्होल्टेजची मर्यादा वाढत नाही.

माझी पद्धत अशी. पॅनलमध्ये ४१५चा एक कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेते, दुय्यम बाजूला दोन स्वतंत्र वाइंडिंग: एक २३०चं, एक २४चं. कॉन्टॅक्टर २४ व्होल्ट एसी कॉइलचा मागवते. ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बहुतेक २४ व्होल्ट एसीचेच असतात, त्यामुळे तेही त्याच वाइंडिंगवर. म्हणजे या बोर्डाच्या कॉन्टॅक्टवर २४ व्होल्टच्या वर काही येतच नाही. ट्रान्सफॉर्मर हीच आयसोलेशनची सगळ्यात जुनी आणि भक्कम भिंत आहे, आणि ती इथे आधीच उभी राहते. २३०च्या वाइंडिंगवर पाच व्होल्टचे दोन छोटे एसएमपीएस (लाईटवरून डीसी देणारे सप्लाय), एक कंट्रोलरला, एक जेडी-व्हीसीसीला. दोन्हींचे ग्राउंड पॅनलमध्ये कुठेही भेटू द्यायचे नाहीत. कंट्रोलरच्या वायरी निळ्या आणि रिलेच्या बाजूच्या पिवळ्या, हा आमच्याकडचा नियम, म्हणजे निळी-पिवळी एका टर्मिनलवर दिसली की लगेच डोळ्यांत भरते. खर्च वाढतो, खरं आहे. पण ओल्या हाताने पॅनल उघडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. बागेत पॅनल उघडणारा इलेक्ट्रिशियनच असतो असं थोडंच आहे.

दोन एसएमपीएस लावल्यावर मीटरने त्यांच्या ग्राउंडमध्ये मोजलं तर काही व्होल्ट, कधी बरेच व्होल्ट दिसतात आणि माणसं घाबरतात. एसएमपीएसमध्ये आतून लाईटची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये एक वाय कपॅसिटर असतो, त्यातून थोडा गळका करंट येतो आणि मल्टिमीटरचा रेझिस्टन्स फार मोठा असल्यामुळे तो आकडा मोठा दिसतो. म्हणून घाईघाईने दोन ग्राउंड वायरीने जोडू नका. तो आकडा दिसतोय याचा अर्थ ते खरोखर सुटे आहेत.

काम झाल्यावर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावते. आधी कंट्रोलर, सेन्सर आणि एसएमपीएस सगळं बोर्डापासून सोडवून घ्यायचं. मग व्हीसीसी आणि चार सिग्नल एकत्र वळून एका टोकाला, जेडी-व्हीसीसी आणि जीएनडी एकत्र करून दुसऱ्या टोकाला. मग रिलेची बाजू आणि कॉन्टॅक्ट यांच्यात. काटा पूर्ण इन्फिनिटीला जायला हवा. थोडा जरी खाली थांबला तर परत धुणं आणि वाळवणं. आमच्या कामात मेगर मोटरलाच लावतात, बोर्डाला कुणी लावत नाही. लावायला हवा.

हल्ली सगळे ईएसपी३२ हा कंट्रोलर वापरतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तो ३.३ व्होल्टवर चालतो. या बोर्डाच्या व्हीसीसीला ३.३ दिले तर ऑप्टोच्या एलईडीला १.२ आणि लाल एलईडीला १.९च्या आसपास गेल्यावर रेझिस्टरसाठी काही उरतच नाही, आणि रिले लागतो-न लागतो असं होतं. उन्हाळ्यात लागतो आणि डिसेंबरच्या पहाटे लागत नाही, अशा तक्रारी याच्याच. आर्डुइनो नॅनो या कंट्रोलरवर पाच व्होल्ट असतात, तिथे १.९ मिलीअँपिअर मिळतात, काम व्यवस्थित होतं. ईएसपी३२ असेल तर मध्ये प्रत्येक सिग्नलला एक एनपीएन ट्रान्झिस्टर टाका किंवा यूएलएन२००३ ही असे ट्रान्झिस्टर एकत्र असलेली चिप घ्या, आणि बोर्डाच्या व्हीसीसीला कंट्रोलरच्या बाजूचेच पाच व्होल्ट द्या. रिलेच्या बाजूचे नव्हे, ते दिले की सगळी मेहनत वाया. मधल्या ट्रान्झिस्टरमुळे सिग्नल उलटा होतो, पिन वर गेली की रिले लागतो, एवढं कोड लिहिताना लक्षात ठेवा.

ट्रान्झिस्टर नसेल तेव्हा पिन शून्यावर गेली की रिले लागतो. नॅनो सुरू होताना त्याच्या पिना सुट्या असतात, त्यामुळे रिले बंद राहतो, ही या बोर्डाची मला आवडणारी गोष्ट. कंट्रोलरचा सप्लाय गेला तरी मोटर बंदच. मात्र कोडमध्ये पिन आधी आउटपुट केली आणि मग वर नेली, तर मधल्या क्षणात रिले एकदा वाजतो आणि कॉन्टॅक्टर झटका देतो. आधी पिनेवर हाय लिहा, मग आउटपुट करा.

डोसिंग पंपासारख्या एक-दोन रिलेच्या कामाला चार चॅनलचा बोर्ड घेऊ नका, दोन चॅनलचा घ्या. त्याला दुसरा एसएमपीएसही लागत नाही, पाच व्होल्टवरून पाच व्होल्ट देणारा १ वॅटचा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर पुरतो. तो २०० मिलीअँपिअर देतो, दोन रिले १४२ खातात. चारला तो पुरत नाही, गरम होऊन व्होल्टेज पडतं आणि शेवटचा रिले थरथरतो.

कोणी हा बोर्ड घेऊ नये? ज्यांना थेट हीटर किंवा मोठी मोटर चालवायची आहे त्यांनी. १० अँपिअर रिलेच्या अंगावर छापलेत, पीसीबीच्या पट्टीवर नाहीत. आणि सारखं चालू-बंद करायचं असेल, मिनिटाला कितीतरी वेळा, तर एसएसआर (हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला सॉलिड स्टेट रिले) बघा, तोही आतून ऑप्टोवरच चालतो. त्याचा बंद असतानाचा गळका करंट मात्र लक्षात घ्या, छोटा व्हॉल्व्ह त्याच्यावर अर्धवट चालू राहू शकतो.

बाकी कॉन्टॅक्टर, व्हॉल्व्ह, पंखे, हॉर्न, बल्ब यांसाठी हा बोर्ड २०० रुपयांच्या आसपास मिळत असेल तर घ्या. उलटा करून चीर बघा, फ्लक्स धुवा, जम्पर काढा, जीएनडीची ती पिन कापा. तासगावच्या काकांनी शेजारच्या प्लॉटसाठी दुसरं पॅनल सांगितलंय, त्यात हाच बोर्ड जाणार आहे.